दोन घरांनी जिंकलेला डाव: होनिन्बो शूसाकू



या व्याख्यानमालेच्या मांडवात संतांवर बोललं गेलं, समाजसुधारकांवर आणि गवयांवरही बोललं गेलं. आज मी बोलणार आहे एका खेळाडूवर. तो जपानी होता, तेहतिसाव्या वर्षी वारला, आणि त्याच्या मृत्यूला आता दीडशेहून अधिक वर्षं झाली. त्याचं नाव होनिन्बो शूसाकू. तुमच्यापैकी काहींच्या घरी नातवंडं जपानी कार्टून मालिका बघत असतील. त्यांना विचारा, त्यांच्या कानावर हे नाव गेलेलं असण्याची शक्यता आहे. ‘हिकारू नो गो’ नावाच्या चित्रकथेत हजार वर्षांपूर्वीच्या एका गो-खेळाडूचं भूत तोराजिरो नावाच्या मुलाच्या अंगात शिरतं आणि त्याच्या हातून खेळतं, असं दाखवलंय. तो तोराजिरो म्हणजेच शूसाकू. म्हणजे या गोष्टीप्रमाणे त्याचे सगळे डाव भुताने खेळले! गोष्ट म्हणून झकास आहे. पण एक माणूस इतकं चांगलं खेळूच शकत नाही, मागे भूत हवंच, असं वाटावं इतकी त्याची कीर्ती कशी झाली हा खरा प्रश्न आहे, आणि आज मी त्याच्याच मागे जाणार आहे.

आधी खेळाबद्दल थोडं, म्हणजे पुढचं बोलणं हवेत राहणार नाही. पटावर १९ आडव्या आणि १९ उभ्या रेषा, त्यांचे ३६१ छेदबिंदू. सुरुवातीला पट साफ रिकामा. एकाकडे काळ्या सोंगट्या, दुसऱ्याकडे पांढऱ्या. आळीपाळीने एकेक सोंगटी बिंदूवर ठेवायची. ठेवलेली सोंगटी पुढे सरकत नाही. चारही बाजूंनी तिची कोंडी झाली तरच ती उचलली जाते. राजा नाही, वजीर नाही, सगळ्या सोंगट्या सारख्या. हेतू एवढाच की आपल्या सोंगट्यांचे बांध घालून जास्तीत जास्त रान आपलं करायचं. शेवटी दोघांची घरं, म्हणजे वेढलेले रिकामे बिंदू, मोजतात. एका घराने जिंकलात तरी जिंकलात, आणि पन्नास घरांनी जिंकलात म्हणून जास्त जिंकलात असं होत नाही. हा शेवटचा नियम लक्षात ठेवा. शूसाकूचा सगळा खेळ त्यावर उभा आहे.

दुसरी लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे काळा पहिला खेळतो. रिकाम्या पटावर पहिली खेळी हातात असणं हा मोठा फायदा आहे. आज त्या फायद्याची वजावट होते. जपानात सध्या काळ्याच्या मोजणीतून साडेसहा घरं कापली जातात, त्याला कोमी म्हणतात. शूसाकूच्या काळी कोमी नव्हती. समतोल साधायचा तो माणसांच्या दर्जावरून. समान दर्जाचे दोघे आळीपाळीने काळा घेत, एक जरा खालचा असला तर तो बहुतेक डाव काळ्याने खेळे, आणखी खालचा असला तर कायम काळा, आणि त्याहूनही खालचा असला तर डाव सुरू होण्याआधीच पटावर दोन किंवा अधिक सोंगट्या मांडून घेई. हे दर्जे म्हणजे ‘दान’. सर्वांत वर नववा दान, आणि तो एका वेळी देशात एकालाच. त्याला मेइजिन म्हणत. मेइजिन म्हणजे गो-जगताचा सरकारी मुखत्यार. कुणाला कोणता दर्जा द्यायचा, कुणी कुणाला किती सोंगट्या द्यायच्या, यावर त्याचा शब्द अखेरचा.

सरकारी म्हणालो ते शब्दशः खरं आहे. तोकुगावा इएयासूच्या काळापासून चार घराण्यांना एदोच्या, म्हणजे आजच्या तोक्योच्या, शोगुन दरबाराकडून तांदळाच्या रूपात तनखा मिळे. होनिन्बो, इनोउए, यासुई आणि हायाशी ही ती चार घराणी. आपल्याकडे गाण्याच्या घराण्यांना राजाश्रय होता तसाच हा प्रकार, फक्त इथे शिस्त अधिक कडक. घराण्याच्या प्रमुखाने डोकं भादरायचं, भिक्षूसारखी वस्त्रं घालायची, कारण होनिन्बो घराण्याचा मूळ पुरुष सान्सा हा क्योतोच्या एका मठातला भिक्षू होता. वारस रक्ताचाच असावा असं नव्हतं. सर्वांत ताकदीचा शिष्य दत्तक घ्यायचा आणि गादीचं नाव पुढे चालवायचं, ही रीत होती. आणि दर वर्षी अकराव्या चांद्र महिन्याच्या सतराव्या दिवशी एदोच्या किल्ल्यात या घराण्यांचे निवडक खेळाडू शोगुनसमोर खेळत. हे किल्ल्यातले डाव. त्यांच्यासारखी प्रतिष्ठा दुसऱ्या कशालाच नव्हती.

शूसाकूबद्दल कुठेही वाचा, पहिलं वाक्य हेच असतं: किल्ल्यात १९ डाव, १९ विजय, पराभव शून्य. १८४९ ते १८६१. त्यावरून ‘अजिंक्य शूसाकू’. मला या विशेषणाचा थोडा राग आहे. एक तर ते खोटं आहे. किल्ल्याबाहेर शूसाकू हरलाय, बऱ्याचदा हरलाय, आणि त्या हरलेल्या डावांच्या नोंदी आपल्यासमोर आहेत. दुसरं म्हणजे किल्ल्यातला डाव शोगुनच्या उपस्थितीत संपवणं जमेना, म्हणून डाव आधीच बाहेर खेळून घ्यायचे आणि किल्ल्यात फक्त मांडून दाखवायचे, ही पद्धत तोवर रुळली होती. विजय खरेच, पण शोगुनच्या नजरेखाली घाम गाळून मिळवलेले, हे जे चित्र रंगवतात ते नाटकी आहे. आणि तिसरं, माझ्या मते महत्त्वाचं. ‘अजिंक्य’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे समोरच्याला चिरडून टाकणारा माणूस येतो. शूसाकूचा स्वभाव याच्या अगदी उलट टोकाचा होता.

तो जन्मला १८२९ साली, इन्नोशिमा बेटावरच्या तोनोउरा गावी, कुवाबारा नावाच्या व्यापारी कुटुंबात. हे बेट जपानच्या अंतर्गत समुद्रात, ओनोमिची बंदराच्या समोर आहे. आज ते ओनोमिची शहरातच मोडतं आणि तिथे त्याच्या नावाचं स्मारक-संग्रहालय आहे. पाळण्यातलं नाव तोराजिरो. रडायला लागला की हातात गोच्या सोंगट्या दिल्या की गप्प बसे, असं सांगतात. अशा कथा प्रत्येक मोठ्या माणसाच्या नावावर जमा होतात, त्यांना फारसं मनावर घेऊ नये. खात्रीचं इतकं की पाच-सहा वर्षांचा असताना आई-वडिलांकडून खेळ शिकला, आणि लवकरच मिहारा किल्ल्याचा धनी आसानो याच्या कानावर त्याचं नाव गेलं. आसानो स्वतः गोचा शौकीन. त्याने मुलाला बोलावलं, त्याच्याशी खेळला, आणि त्याचं पालकत्व पत्करलं. होशिन नावाच्या भिक्षूकडे त्याची शिकवणी लावली. १८३७ साली, जपानी गणनेप्रमाणे नवव्या वर्षी, मुलगा एदोला होनिन्बोंच्या घरी दाखल झाला.

तेव्हा घराण्याचा प्रमुख होता जोवा, बारावा होनिन्बो, आणि देशाचा मेइजिन. मुलाचा खेळ बघून तो म्हणाला की दीडशे वर्षांत असा गुणी झाला नाही. दीडशे वर्षं म्हणजे थेट दोसाकूपर्यंत. सतराव्या शतकातल्या दोसाकूला सगळी घराणी खेळातला ऋषी मानत. जोवाचं हे वाक्य शूसाकूच्या चरित्रात नेहमी येतं. जोवा स्वतः कोण होता हे मात्र त्याच वेळी सांगितलं जात नाही.

जोवा मारामारीचा बादशहा. पटावर आणि पटाबाहेरही. १८३१ साली त्याने मेइजिनपद मिळवलं ते खेळून नव्हे. पडद्यामागच्या खटपटी, शब्द देणं, शब्द फिरवणं, हे सगळं करून. ज्यांना आपण फसवले गेलो असं वाटलं त्यांत पुढे होता इनोउए घराण्याचा प्रमुख गेनान इन्सेकी. १८३५ मध्ये एका बड्या सरदाराच्या वाड्यावर गेनानने आपला तरुण शिष्य आकाबोशी इन्तेत्सू याला जोवासमोर बसवलं. मेइजिन हरला असता तर त्याच्या पदाला हादरा बसला असता. डाव चार दिवस चालला. सुरुवातीला आकाबोशीचं पारडं जड होतं, मग जोवाने एकामागून एक तीन अशा खेळ्या केल्या की पटाचं चित्र पालटलं. आकाबोशी हरला. त्याची छाती आधीच पोखरलेली होती. त्याला रक्ताची उलटी झाली आणि दोन महिन्यांत तो गेला. पंचविशीतला पोरगा. जपानी लोक हा डाव ‘रक्त ओकवणारा डाव’ म्हणूनच ओळखतात.

तोराजिरो ज्या घरात वाढला त्या घराची हवा ही अशी होती. जोवाला पुढे १८३९ मध्ये निवृत्त व्हावं लागलं. गेनानने रिकाम्या झालेल्या मेइजिनपदावर दावा सांगितला. होनिन्बोंनी त्याच्यासमोर आपला तरुण शूवा उभा केला. १८४० च्या अखेरीस हे दोघे नऊ दिवस एका डावावर बसले आणि शूवाने चार घरांनी डाव घेतला. नंतरही शूवाच सरस ठरला आणि गेनानचं मेइजिनपद कायमचं हुकलं. आठव्या दानावर त्याचा प्रवास थांबला. गेनानला खलनायक करण्याची फॅशन आहे. मला तो तसा वाटत नाही. इतर कुठल्याही पिढीत तो मेइजिन झाला असता. त्याचं दुर्दैव असं की होनिन्बो घराण्यात एकामागून एक जोवा, शूवा आणि मग हा बेटावरचा मुलगा निघाला.

आता १८४६. मुलाचं नाव एव्हाना शूसाकू झालंय, वय सतरा, दर्जा चौथा दान. दीड-दोन वर्षं गावी राहून तो एदोला परत निघालाय, वाटेत ओसाका. आणि ओसाकात गेनान मुक्कामाला आहे, वय अठ्ठेचाळीस. दोघांची गाठ घालून दिली गेली. आठवा दान विरुद्ध चौथा, म्हणजे रीतीप्रमाणे शूसाकूने दोन सोंगट्या मांडून घ्यायच्या. तसा डाव सुरू झाला. १०२ खेळ्या झाल्या आणि गेनानने ओळखलं की या मुलाला दोन सोंगट्या देऊन आपला निभाव लागणार नाही. त्याने डाव तिथेच थांबवला आणि म्हणाला, आपण सवलतीशिवाय खेळू, तू फक्त काळा घे. मानी, चिडखोर म्हणून बदनाम झालेल्या माणसाने आपल्या शत्रू-घराण्यातल्या पोराला चार दर्जांचं अंतर पुसून समोर बसवलं. त्याच्याबद्दल मत बनवताना हे विसरता येणार नाही.

दुसरा डाव सुरू झाला सातव्या चांद्र महिन्याच्या २१ तारखेला. एका कोपऱ्यात गेनानने एक गुंतागुंतीची खेळी-मालिका उघडली. त्यात त्याच्या घराण्याने गुपचूप जपून ठेवलेली एक खेळी होती. शूसाकूला ती माहीत नव्हती. तो फसला. काळ्याला पहिल्या खेळीचा जो फायदा असतो तो तिथेच वाहून गेला. खाली त्याच्या चार सोंगट्या पोरक्या पडल्या, उजवीकडे पांढऱ्याची भिंत उभी राहिली. बघणाऱ्यांत गेनानचे शिष्य, ओसाकातले शौकीन. सगळ्यांचं मत एकच, गेनान पुढे आहे. शूसाकू काही घाबरून मारामारीत उतरला नाही. पडतं घेत घेत अंतर कमी करत गेला.

आणि मग १२७ वी खेळी. ही एक खेळी जरा जवळून बघू. काळ्याने सोंगटी ठेवली ती पटाच्या जवळजवळ मध्यावर, आजूबाजूला लगेच कुणी नाही अशा जागी. तिने काही पकडलं नाही, काही वाचवलं नाही, कुणाला थेट धमकी दिली नाही. तिथून वर बघा, तर काळ्याचं वरच्या बाजूचं मोकळं रान एकदम रुंद झालेलं. उजवीकडे बघा, तर पांढऱ्या भिंतीचा दरारा तिथेच अडलेला. खाली त्या चार पोरक्या सोंगट्यांना पळून यायला एक ठिकाण तयार झालेलं. आणि डावीकडे पांढऱ्याचं जे मोठं रान होऊ घातलं होतं त्यात शिरण्याची वाट उघडलेली. एका सोंगटीने चार दिशांना चार कामं केली, आणि एकही काम पुरतं केलं नाही. पुरतं करण्याची गरजच नव्हती.

बघणाऱ्यांत एक वैद्य होता. खेळात फार मोठा नव्हे. तो बाकीच्यांना म्हणाला की गेनान हरणार. लोकांनी कारण विचारलं. त्याचं उत्तर असं की मला पटावरचं फारसं कळत नाही, पण ती खेळी पडली आणि गेनानचे कान लाल झाले. म्हणजे तो आतून हादरला. त्यावरून हा डाव ‘कान लाल करणारा डाव’ झाला. वैद्याची गोष्ट खरी असो वा नंतर रचलेली, मला ती आवडते. जाणकार पट बघत बसले आणि अर्धवट जाणकाराने माणूस बघितला. डाव २५ तारखेला संपला. एकूण ३२५ खेळ्या. काळा दोन घरांनी विजयी.

एदोत परतल्यावर कुणीतरी विचारलं, गेनानशी डाव कसा झाला? सांगतात की शूसाकू एवढंच म्हणाला, “काळा माझ्याकडे होता.” हे वाक्य लोक दोन प्रकारे वाचतात. काहींना त्यात विनय दिसतो, म्हणजे काळा असल्यावर जिंकणार नाही तर काय, त्यात माझं कौतुक कसलं. काहींना दर्प दिसतो, म्हणजे काळा मिळाल्यावर मी हरेन कसा! माझं मत असं की त्यात विनयही नाही आणि दर्पही नाही. तो हिशेब आहे. काळ्याला पहिल्या खेळीचा फायदा काही घरांचा असतो. तो फायदा शेवटपर्यंत सांभाळून नेला की डाव संपला. मधे कुणाला रक्त ओकायला लावायचं कारण नाही.

काळ्याने खेळतानाची त्याची मांडणी बघितली की हे पटतं. काळा पहिली, तिसरी आणि पाचवी खेळी तीन कोपऱ्यांत, प्रत्येक कोपऱ्यातल्या तिसऱ्या-चौथ्या रेषेच्या छेदावर टाकतो. पांढरा एक कोपरा घेतो आणि मग काळ्याच्या कोपऱ्यांवर चालून येतो. सहाव्या खेळीला पांढरा जवळ आला की काळा सातवी सोंगटी आपल्याच कोपऱ्यातल्या सोंगटीला तिरकी चिकटवतो. बस. ही सातवी तिरकी खेळी म्हणजे शूसाकूची खूण. प्रथमच बघणाऱ्याला ती भित्री वाटेल. इतका मोठा पट मोकळा पडलेला असताना आपल्याच दाराशी काय उभं राहायचं? पण ती खेळी झाली की त्या कोपऱ्याला पांढऱ्याकडून धोका उरत नाही, शिवाय पांढऱ्याच्या आलेल्या सोंगटीवर सावकाश दाब राहतो. जोपर्यंत पटावर १९ रेषा आहेत तोपर्यंत ही खेळी कधी वाईट ठरणार नाही, असं तो म्हणाला होता अशी दंतकथा आहे. ही मांडणी त्याने एकट्याने शोधली असं समजू नका. तिचे तुकडे आधीच्या खेळाडूंच्या डावांत सापडतात. त्याने तिच्यावर आपलं सगळं आयुष्य लावलं, म्हणून ती त्याची झाली.

१८४७ साली जोवा वारला, त्याच वर्षी शूवा चौदावा होनिन्बो झाला. १८४८ मध्ये शूसाकूला वारस नेमायचं ठरलं. घराण्यातला दुसरा कुणीही असता तर उडी मारून हो म्हणाला असता. शूसाकूने आढेवेढे घेतले. कारण मिहाराचा आसानो. आपण त्याच्या अन्नावर वाढलो, आता दुसऱ्या घराण्यात दत्तक जायचं तर त्याच्या ऋणाचं काय? अखेर आसानोची संमती मिळवून हा प्रश्न सोडवला गेला. शूसाकू वारस झाला, सहावा दान मिळाला, आणि जोवाची मुलगी हाना हिच्याशी त्याचं लग्न झालं. पुढच्याच वर्षापासून किल्ल्यातले डाव सुरू झाले. त्या १९ डावांची यादी मी वाचून दाखवणार नाही. यासुई सान्ची, साकागुची सेन्तोकू, इतो शोवा, हायाशी घराण्यातले खेळाडू, असे त्या काळातले नामवंत समोर होते. काही डाव त्याने पांढऱ्या सोंगट्यांनीही जिंकले, म्हणजे केवळ काळ्याच्या जोरावर तो तरला असंही कुणी म्हणू नये. मला किल्ल्यातल्या त्या सगळ्या विजयांपेक्षा किल्ल्याबाहेरची एक मालिका जास्त बोलकी वाटते.

१८५३ साल. कमोडोर पेरीची काळी जहाजं एदोच्या खाडीत आली ते हेच वर्ष. त्या वर्षी आकाई नावाच्या एका दरबारी सरदाराच्या घरी गो-खेळाडू जमले होते. सगळे म्हणत होते, आज शूसाकूसमोर टिकणारा कोणी नाही. कोपऱ्यातून ओता यूझो म्हणाला, मला तसं वाटत नाही. ओता यासुई घराण्यातला, वय पंचेचाळीसच्या पुढे, दिसायला देखणा. किल्ल्यात खेळायचं तर डोकं भादरावं लागतं, आणि त्याला आपले केस प्यारे होते, म्हणून तो किल्ल्यात खेळला नाही, असा त्याचा लौकिक. माणूस छानछोकीचा, पण खेळात तोलामोलाचा. आकाईने तिथल्या तिथे सांगितलं, मग दोघांत तीस डाव होऊन जाऊ देत, खर्च माझा.

पहिले दहा डाव ओताने शूसाकूला चांगलंच झुंजवलं. अकराव्यापासून वारं फिरलं. सतराव्या डावापर्यंत शूसाकू चार विजयांनी पुढे गेला, आणि नियमाप्रमाणे दर्जाचा फरक मान्य होऊन ओताला काळा जास्त वेळा घ्यावा लागू लागला. पिकल्या वयाच्या माणसाला विशी-पंचविशीतल्या मुलाकडून असं खालच्या पायरीवर बसवलं जाणं किती बोचत असेल! मग आला तेविसावा डाव. ओताकडे पांढरे. दोघे दिवसरात्र बसले. डाव बरोबरीत सुटला. कोमी नसताना, शूसाकूसमोर, पांढऱ्याने बरोबरी म्हणजे विजयाहून जास्त. ओताच्या आयुष्यातला हा सर्वोत्तम डाव मानतात. आणि मालिका तिथेच थांबली. उरलेले सात डाव झालेच नाहीत. ओताची अब्रू राखली गेली, शूसाकूला दुसऱ्याची अब्रू घालवून काही मिळवायचं नव्हतं. जोवाच्या हातात तीस डाव असते तर तिसावा डाव खेळला गेला असता, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगतो.

गुरू शूवाशी त्याचं वागणंही असंच होतं. काही वर्षांनी शूसाकू गुरूच्या तोडीचा झाला, कदाचित पुढेही गेला. शूवाच म्हणाला की आता आपण आळीपाळीने काळा-पांढरा घेऊ. शूसाकूने ऐकलं नाही. गुरूसमोर पांढरा घेणार नाही. याची जगाला एक हानी झाली. शूवा आणि शूसाकू यांत खरोखर श्रेष्ठ कोण, याचं उत्तर पटावर कधी मिळालं नाही. आजचे व्यावसायिक खेळाडू यावर भांडतात, आणि त्यांतले बरेच शूवाच्या बाजूने झुकतात. माझं त्या वादातलं मत इथे कामाचं नाही. पण शूसाकूला जर खरोखर अजिंक्य व्हायचं असतं तर त्याने हा एक सामना टाळला नसता.

१८६२ साली एदोत आधी गोवराची साथ आली, मग पटकी. होनिन्बोंच्या घरात एकामागून एक शिष्य आजारी पडले. शूवाने शूसाकूला बजावलं, जवळ जाऊ नकोस. तो गेला. रोग्यांचं करत राहिला, स्वतः पडला, आणि ३ सप्टेंबरला गेला. असं नोंदलंय की त्या साथीत होनिन्बोंच्या घरात दुसरा कुणी दगावला नाही. एवढं वाचून गहिवरून येतं हे खरं, पण एक व्यावहारिक हिशेबही करू. घराण्याच्या दृष्टीने हा मृत्यू प्रलय होता. वारसाची जागा रिकामी झाली. शिष्यांतला सर्वांत ताकदीचा होता मुरासे शूहो, वय चोवीस. पण जोवाच्या विधवेचा त्याला विरोध, आणि गादी गेली शूवाच्या थोरल्या मुलाकडे, शूएत्सूकडे, जो तेव्हा पोरगाच होता. सहा वर्षांत शोगुनशाही संपली, किल्ल्यातले डाव त्याआधीच बंद पडले होते, तनखा आटला. घराणी उपाशी पडली. डावलल्या गेलेल्या शूहोने १८७९ मध्ये होएन्शा नावाची संस्था काढली. ती सामान्य शौकिनांना दारं उघडी ठेवणारी होती. तिने खेळ जगवला. जर्मन रसायनतज्ज्ञ कोर्शेल्ट याने गो युरोपात नेला तो याच शूहोकडून शिकून.

आता एक गंमत बघा. एदोकाळात गोचे ‘ऋषी’ म्हणून दोघांची नावं घेत: आधीचा दोसाकू आणि नंतरचा जोवा. शोगुनशाहीनंतरच्या मेइजी काळात जोवाचं नाव हळूहळू मागे पडलं आणि त्या जागी शूसाकू आला. का? जोवाच्या मेइजिनपदामागच्या भानगडी उघड्यावर आल्या, हे एक. शूसाकूच्या नावावर किल्ल्यातला एकही पराभव नाही, हे दुसरं. तरुण वयात, दुसऱ्यांची सेवा करताना गेला, हे तिसरं. आणि १९०० साली इशिगाया कोसाकूने त्याच्या शंभर डावांचा ‘केइग्योकू योइन’ हा संग्रह छापला. तो हातोहात पसरला, पुढच्या पिढ्यांनी तो पाठ केला. शंभर निवडक डावांत माणूस अजिंक्य दिसणारच! २००४ साली तोक्योत गोचं सन्मानदालन सुरू झालं तेव्हा पहिल्या चार नावांत इएयासू, सान्सा, दोसाकू यांच्याबरोबर शूसाकू होता. जोवा त्यात नव्हता. नीतिवान माणूस हाच चांगला खेळाडू, अशी समजूत करून घ्यायला समाजाला आवडतं. जोवा खेळात शूसाकूहून कमी होता असं मला मुळीच वाटत नाही.

राहता राहिली ती सातवी तिरकी खेळी. १९३९ मध्ये पहिल्या होनिन्बो स्पर्धेत कोमी लागू झाली. पुढे ती साडेपाच घरांची झाली, मग साडेसहा. फायदा सांभाळून दोन घरांनी जिंकायचं हे तंत्र आता चालेना, कारण दोन घरं पुढे असलेला काळा आता हरलेला असतो. आजच्या मोजणीने ओसाकाचा तो डाव गेनानने साडेचार घरांनी जिंकला असता. अर्थात त्या नियमाखाली शूसाकूने १२७ व्या खेळीनंतरचा डाव तसा खेळला नसता, आणि कदाचित ती खेळीही केली नसती, पण ते कुणाला सांगता येणार? तिरकी खेळी ‘फार सावकाश’ म्हणून बाद झाली, शिक्षक ती मुलांना शिकवताना इतिहास म्हणून शिकवू लागले. मग २०१६ मध्ये सोलला अल्फागो या संगणकाने ली सेदोलला चार-एकने हरवलं आणि सगळ्या जुन्या मांडण्या पुन्हा तपासायला घेतल्या गेल्या. कित्येक खेळ्या, ज्या शंभर वर्षं बरोबर मानल्या गेल्या होत्या, त्या यंत्रांनी मोडीत काढल्या. तिरक्या खेळीला मात्र यंत्रांचा आक्षेप निघाला नाही. व्यावसायिकांच्या डावांत ती परत आली, साडेसहा घरांची कोमी तशीच असताना.